मेंदी काळी नसते

दिलसुखनगरच्या बाजारात ‘काळी मेंदी’ या नावाने ज्या पुड्या मिळतात, त्यांविषयी स्पष्ट लिहिणे आता आवश्यक झाले आहे. काळी मेंदी नावाचे झाड नाही. मेंदीच्या पानात रंग देणारे जे द्रव्य असते त्याला लॉसोन म्हणतात. वाळलेल्या पानात ते शेकडा एकाच्या आसपास असते आणि त्याचा रंग नारिंगी-तांबडा. पांढऱ्या केसावर ते तांबडेच उमटणार. जी पुडी एकटी, अर्ध्या तासात, केस कोळशासारखे करते, तिच्यात काम करणारे द्रव्य निराळेच असते. बहुधा ते पॅराफेनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी.

माझ्या शिकवणीतल्या एका मुलीच्या आईंनी घरच्या लग्नासाठी अशी पुडी लावली. पूर्वीही लावली होती, काही झाले नव्हते. या खेपेला दुसऱ्या दिवशी कपाळ सुजले, तिसऱ्या दिवशी डोळे मिटले, आणि लग्न त्यांनी आतल्या खोलीत काढले. पुडीवर पानाफुलांचे चित्र होते. पीपीडीची गंमत (गंमत कसली!) हीच, की शरीर आधी मुकाट्याने सोसते आणि एकदा बिथरले की जन्मभर बिथरते. पुढे काही सुन्न करणारी मलमेही अशा माणसाला बाधू शकतात. त्वचारोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संस्थेने २००६ साली ‘वर्षातील ॲलर्जीकारक द्रव्य’ म्हणून याचेच नाव घेतले होते. आपल्याकडेही अशा रंगांवर सावधगिरीची सूचना छापणे कायद्याने बंधनकारक आहे. परंतु ती मुंगीच्या अक्षरात असते आणि ज्याला वाचायची त्याला चष्मा लागलेला असतो.

मग काळे केस हवेत त्यांनी काय करावे? या शहराला त्याचे उत्तर ठाऊक होते. खिजाब म्हणून आपल्या वाड्यांतही जो ओळखीचा होता, त्यात मेंदीचा जोडीदार असे वस्मा, म्हणजे निळीच्या झाडाचा पाला. माझे वडील १९४८ पूर्वी दरबारात गात. मी त्यांचे शेंडेफळ. दरबार गेला तरी त्यांचा हा रिवाज अखेरपर्यंत राहिला. आदल्या रात्री मेंदी लिंबाच्या रसात किंवा चहाच्या पाण्यात भिजवायची, सकाळी दोन-तीन तास लावून धुवायची. मग वस्मा कोमट पाण्यात कालवून, दहा-पंधरा मिनिटांत लगेच लावायचा. मेंदीला मुरायला वेळ लागतो. वस्मा मात्र थांबत नाही. पाल्यातले द्रव्य ओले झाले की सुटते आणि हवा लागताच निळे होते. ते निळे केसात शिरल्यावर व्हावे, भांड्यात नव्हे. तांबड्यावर निळे चढले की गर्द तपकिरी, जवळजवळ काळा रंग येतो. धुतल्यावर आरंभी हिरवट झाक दिसते. घाबरू नये, एक-दोन दिवसांत ती मुरते. आवळा लोखंडी कढईत भिजवून मेंदीत घातला तरी रंग गडद होतो. आवळ्यातले तुरट द्रव्य आणि लोह मिळून काळे होतात. माका, जास्वंद यांचे गुण तेलात गावेत. पिकलेला केस त्यांनी काळा झालेला मी पाहिला नाही.

तथापि वनस्पतीचे म्हणून डोळे मिटून लावू नये. मेंदी आणि नीळही क्वचित अंगावर उठतात. नाजूक कातडीच्या माणसाने कानामागे थोडा लेप लावून दोन दिवस वाट पाहावी. ज्यांना जी-सिक्स-पीडीची उणीव आहे, त्यांनी, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत, मेंदीपूर्वी डॉक्टरांना विचारावे. रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो.

खरी अडचण वेगळीच आहे. जुन्या शहरात तांबड्या दाढीचे बुजुर्ग रुबाबात हिंडतात, त्यांना कोणी हसत नाही. आपल्या घरांत मात्र काकूंच्या अंबाड्यावर तांबडी झाक दिसली की जावा-नणंदा डोळ्यांनी बोलतात. त्या एका नजरेपायी बायका पुडीकडे वळतात. गवयाची पिकली मिशी आपण भारदस्त म्हणून गोड मानतो. गाणाऱ्या बाईचे पिकले केस मात्र आयोजकांना खुपतात. हा कोणता न्याय?

बेगम बाजारात जडीबुटीवाल्याकडे वस्मा मागताना पूड उघडून पाहावी. निळीच्या पाल्याची पूड हिरवट असते. काळी पूड पुढे केली, तर तिथेच ठेवून यावे.