वाघनखे येऊन गेली, पुढे काय?

सन २०२४ च्या जुलै महिन्यात, १९ तारखेस, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लोकांस पाहावयास खुली झाली. त्या वेळी सातारकरांनी दाखविलेला उत्साह स्वाभाविकच होता. तीन वर्षांच्या कराराने उसनी आलेली ती वस्तू काही महिन्यांनी नागपुरास गेली. उत्सव संपला. आता शांतपणे विचारावयाचा प्रश्न असा की, सातारा व सांगली जिल्ह्यांनी यापासून काय शिकावे?

आमच्या मते शिकण्याजोगी गोष्ट वस्तूपेक्षा करारात अधिक आहे. मोठे संग्रहालय आपली वस्तू बाहेर धाडते तेव्हा ती कोणत्या पेटीत राहील, हवेत दमटपणा किती असेल, पहारा व विमा कोणाचा, हे सर्व आधी लिहून घेते. शिवाय ही वाघनखे अफझलखानाच्या प्रसंगीचीच होत असे खात्रीने सांगता येत नाही, हेही लंडनच्या संग्रहालयाने लपविले नाही. स्वतःच्या वस्तूविषयी जी संस्था इतके खरे बोलते, तिच्याच शब्दास जगात किंमत येते.

अशा सहकार्यातून केवढे काम उभे राहते याचा दाखला मुंबईने दिलेला आहे. नोव्हेंबर २०१७ पासून फेब्रुवारी २०१८ पर्यंत तेथील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने ब्रिटिश म्युझियम व दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय यांच्या साहाय्याने ‘भारत आणि जग’ हे प्रदर्शन भरविले. सुमारे दोनशे वस्तू एकत्र आल्या, आणि त्या केवळ लंडनहून नव्हे, तर या देशातील अनेक संग्रहांतूनही आल्या. पुढे तेच प्रदर्शन दिल्लीस गेले. कोणा एका संस्थेच्या बळावर हे घडले नसते.

आता आपल्या घराकडे पाहू. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली श्रीभवानी संग्रहालय उघडले, ते पुण्यामुंबईस नव्हे, तर खटाव तालुक्यातील आपल्या गावी, यमाईच्या डोंगरावर. तेथे राजा रविवर्मा व धुरंधर यांची चित्रे आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे ‘माता व मूल’ हे शिल्पही आहे. सांगलीच्या संग्रहालयात पेशवाईच्या अखेरीस पुण्यास आलेल्या जेम्स वेल्सची व इतर देशी-विदेशी चित्रकारांची चित्रे आहेत. हे दोन जिल्हे परस्परांस परके नाहीत. औंध संस्थानातील किर्लोस्करवाडी व आटपाडी आज सांगली जिल्ह्यात मोडतात, आणि हा जिल्हाही १९६० पर्यंत दक्षिण सातारा म्हणूनच ओळखला जाई. असे असता लंडनच्या वस्तूसाठी रांगा लावणाऱ्यांपैकी किती जण औंधच्या टेकडीवर चढले असतील? काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच!

आमची सूचना अशी की, सातारा, औंध व सांगली येथील संग्रहालयांनी मिळून एक प्रदर्शन भरवावे. दख्खनच्या संस्थानांत देशी व युरोपीय कुंचला एकत्र कसा आला, हा त्याचा विषय असावा. आणि घरची तयारी दिसल्यावर मुंबई व परदेशच्या संग्रहालयांकडे उसनवारीची मागणी करावी. क्रम मात्र हाच असावा. प्रथम प्रत्येक वस्तूची नोंद, छायाचित्र व स्थिती, नंतर आपसांत देवघेव, मग परदेश. उसने देणारा पहिल्याने हेच विचारतो की, तुमचे घर कसे आहे?

‘वस्तू बाहेर गेली की परत येत नाही,’ अशी भीती पुष्कळांस वाटते. ती निराधार नाही. परंतु तिच्यावर उपाय कुलूप हा नसून लेखी करार हा आहे. कृष्णेचे २००५, २०१९ व २०२१ चे पूर सांगलीकर विसरलेले नाहीत. ज्या वस्तूची नोंदच नाही, तिची हानी झाली हे तरी कोण सांगणार?

येथे व्यापारी वर्गास आमची विनंती आहे. हळदीचे पोते पावतीवाचून वखारीतून न हलविणाऱ्या सांगलीच्या पेढ्यांस बांधणी, वाहतूक व विमा हे व्यवहार नवीन नाहीत. हाच खर्च त्यांनी वाटून घ्यावा. शाळेतील मुलांस प्रवेश मोफत असावा, वस्तूंची माहिती सोप्या मराठीत असावी, आणि जे सिद्ध नाही ते सिद्ध म्हणून लिहू नये.

उसन्या वस्तूच्या दर्शनाने अभिमान जागा होतो, हे खरे. पण घरच्या ठेव्याची निगा राखल्यावाचून तो टिकत नाही. जगाशी देवघेव बरोबरीच्या नात्याने करावयाची असेल, तर देण्याजोगे आपल्यापाशी काय आहे हे आपणांस आधी ठाऊक पाहिजे. ती यादी करावयास लंडनच्या परवानगीची गरज नाही.