समुद्राविना कोळंबी

मुलाच्या घरी काही महिने राहावे म्हणून आम्ही उभयता मोहालीस आलो आहोत. चंदीगडच्या सेक्टरांची गणती शहराची सीमा ओलांडून पुढे चालू राहते. आमचा सेक्टर ६७ पंजाबच्या हद्दीत मोडतो. रस्ते रुंद आहेत, सून मायाळू आहे. तरीही आमच्या सौभाग्यवतींचे जेवण दिवसेंदिवस कमी होत चालले होते. त्यांचा जन्म मालवणचा. राजमा आणि पनीर यांवर त्यांनी किती दिवस काढावेत? "मला काही कमी नाही," असे त्या म्हणत आणि अर्ध्या पानावरून उठत.

अखेर एका रविवारी सूनबाईंनी आम्हांस जवळच्या फूड कोर्टात नेले आणि एका गाळ्यावरून कोळंबी घालून परतलेल्या नूडल्स आणविल्या. सौभाग्यवतींनी बशीला हात लावला नाही. "अहो, समुद्र इथून हजार किलोमीटरांहून लांब. ही कोळंबी खाण्याजोगी कशी असेल?" सूनबाईंचा चेहरा उतरला. मी उठलो आणि गाळ्यापाशी जाऊन उभा राहिलो.

तेथे दुसऱ्या गिऱ्हाइकाची बशी तयार होत होती. कढई चांगली तापल्यावर आचाऱ्याने लसूण टाकला, मागोमाग कोळंबी. राखी रंग पाहता पाहता केशरी झाला. हा रंग कोळंबीच्या अंगीच असतो. प्रथिनांत बांधलेला असतो तो उष्णतेने मोकळा होतो. कोळंबी किंचित वाकताच त्याने ती बाजूस काढली. मग कोबी, गाजर, आधी उकडून ठेवलेल्या नूडल्स, सोया सॉस. आणि शेवटी कोळंबी पुन्हा आत. फार वेळ परतली तर ती आकसून रबरासारखी होते. माल गोठवलेला येतो, एवढेच त्यास ठाऊक होते.

परत येऊन मी सौभाग्यवतींस म्हटले, "कोळंबीला समुद्रच लागतो असे नाही. याच पंजाबात ती पिकते."

मुक्तसर, फाजिल्का या भागांत कालव्यांचे पाणी झिरपून भूजल वर आले, क्षार पृष्ठभागावर साठले आणि कित्येक शेते गहू-कापसास निकामी झाली. अशा जमिनीत तळी खोदून आता वनामी जातीची कोळंबी वाढवितात. ही जात मूळची अमेरिका खंडाच्या प्रशांत किनाऱ्याची. भारतात तिच्या संवर्धनास २००९ साली परवानगी मिळाली. मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेने हरियाणातील रोहतकजवळच्या आपल्या केंद्रात खाऱ्या भूजलावर असेच प्रयोग केले आहेत.

"म्हणजे खारे पाणी असले की झाले?" सौभाग्यवतींनी विचारले.

"नाही. भूगर्भातल्या खाऱ्या पाण्यात समुद्राच्या मानाने पोटॅश फार कमी असते. ते घातले नाही तर कोळंबी जगत नाही. थंडीही तिला सोसत नाही. म्हणून हिवाळ्यापूर्वी पीक काढावे लागते. आणि तळ्याचे पाणी शेजारच्या शेतात सोडले, तर त्याचेही शेत बिघडायचे."

"परमुलखात जगायचे म्हणजे एवढे सांभाळावे लागतेच," त्या म्हणाल्या आणि त्यांनी बशी पुढे ओढली. आधी एक कोळंबी नाकाशी नेली. अमोनियाचा उग्र दर्प आला तर ती टाकावी, हा त्यांचा जुना दंडक होय. दर्प नव्हता. बशी रिकामी झाली.

ती कोळंबी मुक्तसरची होती की आंध्रची, हे आम्हांस कळले नाही. पण पुढल्या रविवारी मुलाने गोठवलेल्या कोळंबीचे पाकीट आणले. सौभाग्यवतींनी ते रात्रभर शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवून सुटे केले. एकदा सुटलेली कोळंबी पुन्हा गोठवू नये, हे सूनबाईंस दोनदा बजावले आणि पदर खोचून नारळ फोडावयास घेतला.

"आई, कालवणात नूडल्स घालू का?" सूनबाईंनी भीत भीत विचारले.

"घाल. पण आधी भात लाव," असे उत्तर आले.