मीठ पानातच हवे

गेल्या दिवाळीत आम्ही सहकुटुंब एरंडोलला भावाकडे होतो. एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, अशी इकडची श्रद्धा. बकासुरासाठी नेलेले गाडाभर अन्न भीमाने एकट्याने फस्त केले, ते इथेच म्हणतात.

आमचा पुतण्या अभियांत्रिकीला आहे. केळीच्या पानांच्या हजारो छायाचित्रांतून करपा पडलेली पाने संगणकाकडून मोजून घ्यायची, हा त्याचा प्रकल्प. ऐन फराळाच्या धांदलीत तो कपाळाला हात लावून बसला होता. म्हणाला, "काका, यात आठ कोअर आहेत. राबतोय एकच, सात नुसते पाटावर बसलेत!"

पूर्वी संगणक भीमाच्या वाटेने चालला होता. दर नवा प्रोसेसर आधीच्यापेक्षा दांडगा. पुढे उष्णता आवरेना, तेव्हा २००५ च्या सुमारास कारखानदारांनी एकच भीम फुगवायचे सोडून पाची पांडव कामाला जुंपले. पण त्यांना काम वाटून कोणी द्यायचे? आपला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाषी, म्हणजे कंपायलर, त्याने. यासाठी १९९७ साली ओपनएमपी नावाची खुणांची पद्धत निघाली. 'हे काम सर्वांत वाटा' अशा अर्थाची एक ओळ लिहायची, की झाले.

मौज अशी, की ही खूण न जाणणारा कंपायलर बहुधा तिच्याकडे काणाडोळा करून पुढे जातो. उत्तर बरोबर येते, पण राबतो एकटाच. पुतण्याचे नेमके हेच झाले होते. त्याचा कंपायलर जुना होता.

फुकट मिळणाऱ्या कंपायलरांपैकी जीसीसीत ही सोय २००७ साली, ४.२ या आवृत्तीत आली. दुसरा क्लँग. तो ज्या एलएलव्हीएमवर उभा आहे, ते काम २००० साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात सुरू झाले. ते करणारे दोघे म्हणजे मुंबईच्या आयआयटीत शिकलेले प्राध्यापक विक्रम अडवे आणि त्यांचा विद्यार्थी ख्रिस लॅटनर. क्लँगला ओपनएमपी ३.१ पूर्णपणे कळू लागले २०१५ साली. २०१६ च्या ३.८ आवृत्तीपासून, नुसते सांगितले की तो घरचीच लायब्ररी वापरू लागला. जीसीसीच्या लायब्ररीवर विसंबणे संपले.

बाब किरकोळ वाटेल. पण १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने 'परम ८०००' उभा केला, तेव्हा अनेक प्रोसेसर एकत्र राबवणे हे देशाच्या पातळीवरचे काम होते. आज तेच एरंडोलच्या माजघरातल्या पोराला, एक पैसा न मोजता, करता येते. मात्र सोय पेटीतच असली तर! वेगळी शोधून, जुळवून घ्यावी लागली, तर हुशार पोरगाही अर्ध्या वाटेतून परततो.

नवा कंपायलर आला, आठही कोअर धावू लागले. पण करप्याची मोजदाद दर खेपेला वेगळी! इतक्यात स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "भावजी, चिवडा खारट झालाय हो!" मीठ घातलेले नाही असे पाहून वहिनींनी ते घातले, त्याच घटकेला, तसेच पाहून, आमच्या सौभाग्यवतींनीही घातले. पुतण्या ताडकन उठला. त्याचे आठही कोअर एकाच आकड्यात एकाच वेळी भर घालत होते! मग प्रत्येकाने आपली मोजणी वेगळी ठेवावी आणि शेवटी बेरीज व्हावी, अशी दुसरी खूण त्याने घातली. ओपनएमपीत तीही आहे. आकडा स्थिर झाला.

म्हणूनच, न विचारता सगळेच काम वाटून टाकणारा कंपायलर मला नको. कोणते काम सुटे आहे आणि कोणते एकमेकांत गुंतलेले, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. आपल्याकडे पानात डाव्या हाताला मीठ वाढलेलेच असते. ते कोणाला मागावे लागत नाही. भाजीत किती कालवायचे, ते मात्र जेवणाऱ्याने ठरवावे.

तो चिवडा आम्ही तीन दिवस खाल्ला. वहिनींसमोर तक्रार करायची कोणाची छाती होती?