पिकाचा फोटो गोड नको, खरा पाहिजे

आज जरा कडक लिहितोय, राग मानू नका.

ग्रुपवर मोसंबीच्या पिवळ्या पानाचा फोटो पडतो. खाली प्रश्न, "काय फवारू?" एक जण म्हणतो युरिया द्या, दुसरा म्हणतो फेरस मारा, तिसरा म्हणतो मॅग्नेशियम. फोटो एक अन् औषधं तीन. सांगणाऱ्याला नावं ठेवून काय उपयोग? त्या फोटोत पानाचा खरा रंगच नाही.

नत्र कमी पडलं की खालचं जुनं पान सगळंच पिवळं पडतं. लोह कमी पडलं की शेंड्याचं कोवळं पान पिवळं, पण शिरा हिरव्या. मॅग्नेशियम कमी असलं तर जुन्या पानाच्या शिरांमधला भाग पिवळा. सगळं निदान या बारीक फरकावर उभं आहे, अन् फोन नेमका तोच फरक पुसतो.

फोनवाल्यानं कॅमेरा पिकासाठी नाही, चेहऱ्यासाठी बनवलाय. तो हिरवं जास्त हिरवं करतो, खरबरीत गुळगुळीत करतो. कोळीचे बारीक ठिपके त्यातच जातात. मग उरलंसुरलं दाबून जेपीजी करतो. जेपीजीत प्रत्येक रंगाच्या फक्त 256 पायऱ्या. रॉ फाईलमध्ये 10 बिटला 1024, 12 बिटला 4096, 14 बिटला 16384. तुरीची डाळ करता येते, डाळीची तूर करता येत नाही. रॉ म्हणजे तूर, जेपीजी म्हणजे डाळ.

आता उजेडाचं. ऑटो कॅमेरा समोरचं सगळं मध्यम करड्या रंगावर आणायला बघतो. मागं काळी जमीन असली की तो उजेड वाढवतो, पान फटफटीत होतं. फुटलेला कापूस समोर असला की उजेड कमी करतो, पान काळवंडतं. म्हणून पानावर बोट दाबून धरा, फोकस लॉक करा, सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. फोटो थोडा अंधारा आला तर नंतर उजळता येतो, रॉमध्ये तर चांगलाच. पांढरा होऊन जळालेला भाग परत येत नाही. भर उन्हात पानावर आपली सावली धरा अन् शेजारी पांढरा कागद ठेवा, म्हणजे बघणाऱ्याला रंग जुळवता येतो.

काही जण म्हणतील, "आम्ही काय लग्नाचे फोटोग्राफर? रॉ फाईल 20 एमबीच्या घरात जाते!" अहो, सगळे फोटो रॉमध्ये काढा असं कोण म्हणतंय? बैलपोळ्याचा फोटो जेपीजीच बरा. आजारी पानाचे दोन फोटो रॉमध्ये काढा, काम झालं की पुसून टाका. चुकीच्या एका फवारणीत औषध, मजुरी, पाणी सगळं जातं, त्यापुढं 20 एमबी काय?

अँड्रॉइडमध्ये रॉची सोय 2014 पासून, आयफोनमध्ये 2016 पासून आहे. प्रो मोडमध्ये शोधा. स्वस्त फोनमध्ये बऱ्याचदा कंपनी ती देत नाही. तिथं निदान फिल्टर अन् ब्यूटी बंद करा, उजेड हातानं धरा. अन् व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो आणखी दाबला जातो.

कृषी तज्ज्ञ साहेबांनाही हात जोडून सांगणं आहे. गोड फोटोवर चिठ्ठी लिहू नका. अख्खं झाड, एक फांदी, पानाच्या दोन्ही बाजू मागा. रॉ फाईल आली तर स्नॅपसीडमध्ये फुकट उघडते. अन् तरीही शंका राहिली तर शेतकऱ्याला सांगा, पान घेऊन ये. खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र अन् बदनापूरचं संशोधन केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे. रॉ फोटो म्हणजे पान परीक्षण नव्हे.

फोटो हा पिकाचा पंचनामा आहे. पंचनाम्याला पावडर लावत नसतात.

पटलं तर पुढं पाठवा, नाही पटलं तर खाली भांडा.