ताठ पाठीसाठी खेळ

"सरळ बस, कुबड येईल!" हे वाक्य आपल्या घराघरांतून दिवसातून दहा वेळा ऐकू येते. मूल क्षणभर ताठ होते आणि पुन्हा वाकते. त्यात त्याचा हट्ट नसतो. तासन् तास एकाच जागी बसून पाठीचे स्नायू थकलेले असतात. दरडावून त्यांना बळ येत नाही. ते हालचालीने येते. म्हणूनच मुलांवर उपचार करणारे फिजिओथेरपिस्ट व्यायामाचाही खेळ करतात.

येथे आपल्या समाजाची एक अडचण मोकळेपणाने मांडली पाहिजे. शिक्षण हीच आपली इस्टेट. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. त्यामुळे मूल पुस्तक सोडून खेळायला गेले की आईबापांचा जीव खालीवर होतो. एका खोलीच्या घरात ते जमिनीवर वही ठेवून वाकून लिहिते आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर वाकते. मुलींचा तर खेळ सुटतो आणि घरकाम मागे लागते. वयात येताना कित्येकजणी संकोचाने खांदे पुढे ओढून चालतात. अशा मुलीला रागावू नये. शरीराची वाढ ही लाजेची गोष्ट नाही, हे आईने जवळ बसवून सांगावे आणि तिला खेळायला पाठवावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी. पुढील खेळांना पैसा लागत नाही :

विमान : पालथे झोपून हात पसरावेत, छाती थोडी उचलावी आणि पाच मोजेपर्यंत 'उडावे'.

मांजर : हात व गुडघे टेकून पाठ वर फुगवावी, मग हळूच खाली सोडावी.

खेकडा : बसून हात मागे टेकावेत, कंबर उचलून आडवे चालावे.

तोल : डोक्यावर वही ठेवून ती न पाडता दहा पावले जावे.

जोडीला लंगडी, लगोरी, दोरीवरच्या उड्या आहेतच. दुखले की थांबावे.

लिहिण्यासाठी पत्र्याची पेटी मेजासारखी पुढे ठेवावी. दर अर्ध्या तासाने मुलाला उठवावे. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जड नको, असे महाराष्ट्र शासनाने २०१५ सालीच सांगितले आहे. म्हणजे २५ किलोच्या मुलाला अडीच किलो पुरे.

मात्र सारेच खेळाने बरे होत नाही. एक खांदा वर दिसत असेल, पुढे वाकल्यावर पाठीची एक बाजू उंच येत असेल, रात्री पाठ दुखत असेल किंवा पायांना मुंग्या येत असतील, तर सरकारी दवाखान्यात दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व सरकारी शाळांतील मुलांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी मूल गैरहजर राहू देऊ नये.

घरात जागा नसेल तर विहाराचे आवार आपलेच आहे. रविवारी वंदनेनंतर अर्धा तास मुलामुलींना एकत्र खेळू द्यावे. तथागतांनी सोण भिक्खूला वीणेचा दाखला दिला होता. तार फार ताणली तरी सूर नाही, सैल सोडली तरी नाही. आपल्या मुलांच्या अभ्यासालाही हाच मध्यम मार्ग लावावा, असे आम्हांला वाटते.