गाडी कुठेतरी जायला हवी

बाळकुमहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलाने दोन ईदची ईदी साठवून खेळण्यातल्या रेल्वेचा सेट घेतला. अब्बूंनी सहा फूट बाय चार फूट प्लायवूडची फळी आणून दिली, तिच्यावर रुळांचा लांबट गोल बसला. पंधरा दिवस गाडी फिरली. आता फळी दिवाणाखाली पडून आहे आणि मुलगा पुन्हा मोबाइलमध्ये आहे. विचारले तर म्हणतो, “अम्मी, ती गाडी कुठेच जात नाही.” भगिनींचा प्रश्न असा : भोवती डोंगर-झाडे आणि मागे देखावा केला तर त्याचे मन रमेल का? की तेवढाच आणखी खर्च वाया जाईल? शिवाय सासूबाईंना घरात माणसांच्या बाहुल्या मांडलेल्या चालत नाहीत.

मुलाने दुखणे नेमके ओळखले आहे. गोल रुळावर फिरणारी गाडी खरोखरच कुठे जात नाही. तिला जायला ठिकाण देणे, एवढेच देखाव्याचे काम. म्हणून देखावा ही शेवटी करायची सजावट नाही. त्याचा विचार रूळ ठोकण्याच्या आधी करायचा.

खऱ्या रेल्वेत असेच घडते. आपल्या सर्वांच्या ओळखीचे उदाहरण म्हणजे नेरळ–माथेरानची छोटी गाडी. मुंबईचे दाऊदी बोहरा उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी ती बांधली. १९०४ साली काम सुरू झाले आणि १९०७ मध्ये गाडी धावू लागली. त्या काळचे सोळा लाख रुपये लागले आणि ते पीरभॉय घराण्याने घातले. दोन फूट रुंदीचा तो मार्ग सुमारे २१ किलोमीटर लांब आहे, पण नेरळ ते माथेरान हवाई अंतर त्याच्या निम्म्याहूनही कमी. बाकीची सगळी लांबी डोंगराने मागून घेतली. चढ इतका उभा की काही ठिकाणी वीस फूट पुढे गेल्यावर गाडी एक फूट वर चढते. त्याहून उभा चढ गाडीला झेपला नसता, म्हणून रूळ वळत वळत वर गेले. तिथल्या प्रत्येक वळणाला डोंगरात एक कारण आहे.

घरच्या फळीवर आपण नेमके उलट करतो. आधी रूळ, मग उरलेल्या जागेत कागदाचा डोंगर. रूळ का वळला याचे उत्तर पाहणाऱ्याला मिळत नाही आणि गाडी खोटी वाटते.

आता बाळकुमच्या मुलाने कोणता डोंगर घ्यावा? माथेरान घेऊ नये. त्याच्याकडची गाडी मोठ्या लाइनची आहे, ती त्या घाटात शोभणार नाही. त्याने ठाण्याचाच डोंगर घ्यावा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली. पुढे दोन अडथळे होते : खाडी आणि पारसिकचा डोंगर. खाडीवर पूल झाला, डोंगराला मुंब्र्याकडून वळसा घातला आणि १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणला पोहोचली. पुढे हा वळसा लांब वाटू लागला. मग डोंगर पोखरून सुमारे १.३ किलोमीटरचा पारसिक बोगदा केला, तो १९१६ साली खुला झाला. एकाच डोंगराला रेल्वेने दिलेली ही दोन उत्तरे आजही शेजारी शेजारी दिसतात. मुलाच्या फळीला लागणारे सगळे यात आले : पूल, पाणी, वळण, बोगदा आणि गाव.

पण सगळे जसेच्या तसे मापात बसवायला जाऊ नका. बाजारात मिळणारे बहुतेक सेट एचओ मापाचे, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान असतात. या मापात पारसिक बोगदा पंधरा मीटर लांब होईल. तुमच्या घराची एक भिंतही त्याला पुरणार नाही. म्हणून दोनच जागा निवडा आणि मधले अंतर लपवा.

ते लपवण्याची जुनी आणि सोपी युक्ती अशी. देखाव्याचा पडदा फळीच्या मागच्या कडेला लावू नका, फळीच्या मधोमध लांबीने उभा करा आणि दोन्ही बाजूंनी रंगवा. एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसऱ्या बाजूला मुंब्रा. पडदा अगदी सरळ रेषेत नको, थोडा तिरका ठेवा, म्हणजे एक देखावा मोठा आणि एक लहान होईल. गाडी दोन्ही टोकांना पडदा ओलांडेल. एका टोकाला तिथे डोंगर आणि बोगद्याचे तोंड ठेवा, दुसऱ्या टोकाला रस्त्याचा पूल, ज्याच्या खालून ती जाईल. आता कुठेही बसले तरी अर्धाच मार्ग दिसतो. खाडीवरून गेलेली गाडी डोंगरात शिरते, काही क्षण नुसता आवाज येतो आणि ती पलीकडे मुंब्र्यात निघते. गोल तोच आहे, पण आता गाडी कुठून तरी निघून कुठेतरी पोहोचते.

फळी दिवाणाखाली जायची असल्याने पडदा निघता हवा. फळीवर लाकडी पट्ट्यांची खाच करा आणि पडदा त्यात उभा सरकवा. तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड किंवा सनबोर्ड चालेल, उंची बारा ते चौदा इंच. डोंगरही उचलून बाजूला ठेवता येईल असा करा. गाडी बोगद्यात घसरली तर हात घालायलाही तेच सोयीचे. बोगद्याचे तोंड कापण्यापूर्वी सेटमधला सर्वांत लांब आणि सर्वांत उंच डबा वळणावरून हाताने ढकलून पाहा. वळणावर लांब डब्याचा मधला भाग आत आणि टोके बाहेर येतात. तेवढी जागा सोडली नाही तर तो भिंतीला घासेल. रूळही फळीच्या कडेला अगदी समांतर ठेवू नका. दोन-तीन इंच तिरके झाले की फळीची चौकट नजरेआड होते.

रंगकामाआधी एका रविवारी अब्बूंनी मुलाला घेऊन ठाण्याहून स्लो लोकलने मुंब्र्यापर्यंत जावे. खर्च दोन तिकिटांचा. वहीत चार गोष्टी टिपून आणाव्यात : पाण्याचा रंग, तिवरांचा रंग, डोंगराचा रंग आणि आकाश. मुले खाडी निळी रंगवतात. आपली खाडी राखाडी-तपकिरी आहे, ओहोटीला तर चिखलच चमकतो. डोंगर जुलैत हिरवागार आणि ओघळत्या पाण्याचा, मे महिन्यात वाळक्या गवताचा पिवळट असतो. कोणताही एक महिना ठरवा आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना तोच ठेवा.

पडदा रंगवताना काही गोष्टी पाळाव्यात. आकाश वर फिकट निळे आणि क्षितिजाशी जवळजवळ पांढरे. डोंगरांच्या रांगा दोन-तीन असाव्यात. सर्वांत दूरची सर्वांत फिकी आणि निळसर, जवळची गडद. एकाच हिरव्या रंगात पांढरा मिसळत गेले की हे साधते. रंग चकचकीत नको, ट्यूबलाइट त्यात चमकते. चकाकी फक्त पाण्याला. फळीवर खाडीचा तळ गडद रंगवून वाळला की वर पारदर्शक वॉर्निशचे दोन-तीन हात द्या. रूळ पडद्यापासून चार-पाच इंच दूर असू द्या, नाहीतर गाडीची सावली आकाशावर पडते. पडदा आणि जमीन जिथे मिळतात ती रेघ झुडपांनी किंवा भिंतीने झाकावी. रस्ता सरळ पडद्याकडे नेऊ नये. तो वळवून एखाद्या घरामागे संपवावा. मुंब्र्याच्या बाजूला उतारावरची घरे आणि मशिदीचा मिनार पुठ्ठ्यातून कापून पडद्याला चिकटवा. अर्धा-पाऊण इंच जाडी पुरते.

खर्चाबद्दल. परदेशी तयार झाडे आणि गवत महाग असते, त्याची गरज नाही. डोंगरासाठी खोक्यांच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या विणून जाळी करा, वर खळीत भिजवलेले वर्तमानपत्राचे तुकडे आणि शेवटी पीओपीचा पातळ थर. माती आणि झुडपांसाठी वापरलेली चहापत्ती धुऊन कडक उन्हात वाळवा. ओलसर राहिली तर आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते. भांडी घासायची हिरवी घासणी फाडून रंगवली की तिवरे होतात. रुळाखालच्या खडीचा खरा दगड पाच-सहा सेंटिमीटरचा. त्याला ८७ ने भागले तर एक मिलिमीटरही होत नाही. म्हणून रेती बारीक चाळणीतून काढा. रवा वापरू नका : अन्न आहे, आणि मुंग्याही लागतात. फेव्हिकॉलमध्ये पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून ते ड्रॉपरने सोडावे, पण रुळाच्या माथ्यावर लागू देऊ नये, गाडी अडते. असे केले तर मोठा खर्च रंगांचा आणि हार्डबोर्डचाच राहील. घरात पडून असलेली वस्तू वापरात आणण्याला इसराफ म्हणता येणार नाही. पडून राहिलेला सेट मात्र खरोखर वाया जातो.

राहिला सासूबाईंचा मुद्दा. चित्र काढणाऱ्या कारागिराला हजरत इब्न अब्बास (रजि.) यांनी झाडे आणि निर्जीव वस्तू काढण्याचा सल्ला दिल्याची हदीस प्रसिद्ध आहे. डोंगर, पाणी, झाडे, घरे यांना त्यामुळे काहीच अडचण नाही. मुलांच्या खेळण्यांबाबत उलेमांमध्ये वेगवेगळी मते आहेत. तुमच्या घरात जे मानले जाते ते पाळा, वडीलधाऱ्यांना दुखवून छंद करू नका. आणि माणसांच्या बाहुल्यांवाचून देखावा उणा राहत नाही. धावत्या गाडीशेजारी महिनोन्‌महिने एक पाय उचलून उभी असलेली बाहुली उलट खोटी दिसते. माणसे आहेत हे वस्तूंनी दाखवा : गॅलरीत वाळत घातलेले कपडे, फलाटावरच्या बॅगा, चिखलात टेकलेली होडी, दुकानाबाहेरची हातगाडी, मशिदीच्या पायऱ्यांवरच्या चपला. कपड्यांच्या चिंध्या कापायचे काम दादीजानकडेच सोपवा. त्यांना हवी तशी घरे त्याच सजवतील.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. सुट्टीत तिकडे जाणे झाले तर मुलाला रुळांपेक्षा रुळांच्या मधली जागा पाहायला सांगा. गाडी कुठे दिसेनाशी होते आणि कुठे पुन्हा येते, तेवढे टिपून घेतले तरी पुष्कळ.

सुरुवात मात्र या आठवड्यातच करा. रूळ सुटे करा. फळीवर पांढरा कागद पसरून मुलाला पेन्सिलने आधी खाडी काढू द्या, मग डोंगर, मग गाव. रूळ शेवटी. तो कुठे वळतो आणि का वळतो, हे अब्बूंनी त्याला विचारावे. उत्तर देता आले की आराखडा जमला. अजून जमत नसेल तर कागद बदला, फळी तशीच ठेवा. कागद स्वस्त असतो. ठोकलेले रूळ उपटणे जिवावर येते आणि छंद तिथेच थांबतो. काम पुढे सरकले की आम्हाला कळवा. इन्शाअल्लाह, पुढच्या ईदची ईदी तो दुसऱ्या इंजिनासाठी साठवत असेल.