पदकाच्या पलीकडे

स्पर्धा म्हटली की आपले लक्ष प्रथम निकालाकडे जाते. आपल्या मंडळांच्या गणेशोत्सवातील गायनस्पर्धाच पाहा ना! ढाल कोणी पटकावली याची चर्चा दिवाळीपर्यंत पुरते. त्या गाण्याने मुलाच्या पदरात काय पडले, हे सहसा कोणी विचारीत नाही. यासाठीच एका दूरदेशीच्या मुलाची हकिगत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

युनचान लिम हा दक्षिण कोरियाचा. जन्म २००४ सालचा. सातव्या वर्षी तो पियानो शिकू लागला आणि पुढे किशोरवयात मिनसू सोन यांच्यासारखे गुरू त्याला लाभले. २०१८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे किशोरांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्याला दुसरे पारितोषिक मिळाले. पहिले नव्हे, हे ध्यानात घ्यावे. पुढल्याच वर्षी मायदेशातील इसांग युन स्पर्धा त्याने पंधराव्या वर्षी जिंकली.

त्यानंतर आली जून २०२२ मधील फोर्ट वर्थची व्हॅन क्लायबर्न स्पर्धा. १९५८ साली, शीतयुद्ध ऐन भरात असताना, खुद्द मॉस्कोत जाऊन चायकोव्हस्की स्पर्धा जिंकणाऱ्या अमेरिकन पियानोवादकाच्या नावाने ही स्पर्धा १९६२ पासून भरते. उपान्त्य फेरीत लिमने लिस्ट या संगीतकाराच्या बाराही ‘ट्रान्सेन्डेंटल’ रचना सलग वाजविल्या. यातील एकेक रचना बोटांची कसोटी पाहणारी. बाराही एका बैठकीत वाजविण्यास तासाहून अधिक वेळ लागतो. अंतिम फेरीत त्याने रखमानिनॉव्हचा १९०९ सालचा तिसरा कन्चेर्टो वाद्यवृंदासह सादर केला. अठरा वर्षांचा लिम या स्पर्धेचा सर्वांत लहान सुवर्णपदकविजेता ठरला. रौप्यपदक रशियाच्या ॲना गेन्यूशेने हिला, तर कांस्यपदक युक्रेनच्या दिमित्रो चोनी याला मिळाले. त्या दोन देशांत तेव्हा युद्ध पेटले होते, हे आठवले म्हणजे संगीताच्या सत्तेपुढे मस्तक नम्र होते.

परंतु मला मोलाच्या वाटतात त्या दोन निराळ्याच गोष्टी. लिस्टने महाकवी दान्ते याच्या काव्यापासून स्फूर्ती घेऊन एक सोनाटा रचला आहे. तो वाजविण्यापूर्वी लिमने ‘डिव्हाइन कॉमेडी’ची कोरियन भाषांतरे मिळवून ती पुनःपुन्हा वाचली, इतकी की बराचसा भाग त्याला मुखोद्गत झाला. कोणत्याही परीक्षकाने त्याला त्यातील प्रश्न विचारला नसता. दुसरी गोष्ट विजयानंतरची. जिंकल्यामुळे आपले कौशल्य काही वाढलेले नाही, तेव्हा सराव चालूच ठेवायचा, असे त्याने पत्रकारांना सांगितले. आणि तो तसा वागलाही. २०२३ साली त्याचे गुरू बोस्टनच्या संगीतविद्यालयात गेले, तेव्हा हा जगद्विख्यात शिष्यही त्यांच्यामागोमाग तेथे शिकावयास गेला. आपल्याकडील गुरुगृही राहून केलेल्या तालमीची येथे आठवण व्हावी.

स्पर्धा वाईट, असे माझे म्हणणे नाही. स्पर्धा नसती तर या मुलाचे नाव जगाला इतक्या लवकर कळले नसते. मात्र स्पर्धेने त्याला श्रोते दिले. विद्या दिली ती गुरूने, ग्रंथाने आणि रियाजाने. यंदा आपली मुले स्पर्धेहून घरी परततील, तेव्हा “कितवा आलास?” असे विचारण्याआधी “काय वाजवलेस? आम्हांलाही ऐकव पाहू!” एवढे म्हणून पाहावे. पेटी काढून मूल आनंदाने बसले, तर स्पर्धेचे सार्थक झाले असे खुशाल समजावे.